कुत्रा : अंथरुणात नव्हे, उंबरठ्यावर



सर्व स्तुती अल्लाह तआलासाठी आहे, ज्याने माणसाला बुद्धी दिली आणि मुक्या जीवांना त्याच्या आधाराने राहू दिले. दुरूद व सलाम असो अंतिम प्रेषित हजरत मुहम्मद (स.) यांच्यावर, ज्यांना अखिल विश्वासाठी रहमत म्हणून पाठविण्यात आले.

पाळलेल्या कुत्र्याला आपल्या अंथरुणात झोपू द्यावे काय? पंचवीस-तीस वर्षांपूर्वी कोकणातील मुस्लिम घरांत हा प्रश्न कुणी विचारला नसता. आज तो विचारला जातो, आणि दोन प्रकारच्या घरांतून विचारला जातो. पहिले घर मुंबई-पुण्यात नोकरी करणाऱ्या तरुण मुलामुलींचे. फ्लॅटमध्ये त्यांनी कुत्रा पाळलेला असतो, तो सोफ्यावर बसतो, रात्री पलंगावर झोपतो. ईदच्या सुट्टीत ही मंडळी त्याला घेऊन गावी येतात आणि दादीच्या जानमाजपाशी तो घुटमळू लागला की घरात वाद पेटतो. दुसरे घर त्या वृद्धांचे, ज्यांची मुले कुवेत, दोहा, दुबईला आहेत आणि ज्यांच्या मोठ्या घरात रात्री दुसरे माणूस नसते. तेथे कुत्रा हौसेने नव्हे, सोबतीने पलंगापर्यंत पोहोचलेला असतो.

या वादात दोन टोकाची उत्तरे ऐकू येतात. एक म्हणतो, ‘कुत्रा हा नापाक प्राणी, त्याला दगड मारून हाकला.’ दुसरा म्हणतो, ‘इस्लाम दयेचा धर्म आहे, मग प्रेमाने जवळ घेतले तर बिघडले कुठे?’ पहिल्याने तहारतीचा आदेश घेतला आणि दया सोडली. दुसऱ्याने दया घेतली आणि आदेश सोडला. दीन मात्र दोन्ही एकत्र देतो. ते एकत्र कसे देतो, हे पाहणे हाच या लेखाचा हेतू आहे.

दिव्य कुरआनातील कुत्रा

आपल्यापैकी अनेक घरांत दर जुमाला सूरह कहफचे पठण होते. म्हणजे दर आठवड्याला आपल्या घरात एका कुत्र्याचे स्मरण केले जाते, हे फार थोड्यांच्या ध्यानी येते. जुलमी समाजापासून आपले इमान वाचविण्यासाठी काही तरुण गुहेत आश्रयाला गेले आणि अल्लाहने त्यांना तीनशे वर्षे, वर आणखी नऊ, निद्रेत ठेवले. त्यांच्यासोबत त्यांचा कुत्रा होता. या एका सूरहमध्ये त्याचा उल्लेख चार वेळा येतो. तरुणांची संख्या किती होती याविषयी लोकांचे मतभेद कुरआन सांगतो, तेव्हा प्रत्येक मोजणीत कुत्राही मोजलेला आहे. सज्जनांच्या संगतीत राहिलेल्या एका मुक्या जिवाला कयामतपर्यंत वाचल्या जाणाऱ्या ग्रंथात जागा मिळाली, यावर तफसीरकारांनी मोठ्या प्रेमाने लिहिले आहे.

पण त्याच आयतीत (१८:१८) त्याची जागाही सांगितली आहे. तरुण आत झोपले आहेत आणि कुत्रा पुढचे पाय पसरून ‘वसीद’वर आहे. ‘वसीद’ या शब्दाचा अर्थ कुणी उंबरठा, कुणी दार, तर कुणी दारापुढचे अंगण असा केला आहे. अर्थ कोणताही घेतला तरी कुत्रा झोपलेल्यांच्या मधोमध नाही, प्रवेशाच्या जागी आहे. आपल्या प्रश्नाचे चित्रच जणू येथे रेखाटले आहे: निजलेली माणसे, त्यांचा एकनिष्ठ सोबती, आणि दोघांच्या मध्ये एक मर्यादा. सोबत तुटलेली नाही आणि मर्यादाही ओलांडलेली नाही.

सूरह माइदाच्या चौथ्या आयतीत शिकवून तयार केलेल्या शिकारी कुत्र्याने पकडलेली शिकार, काही अटींसह, हलाल ठरविली आहे. उलेमांनी यातून एक सुंदर गोष्ट टिपली: शिकलेल्या आणि न शिकलेल्या कुत्र्याच्या शिकारीत शरीअतने भेद केला, इल्मची प्रतिष्ठा इतकी की ती कुत्र्यालाही लाभते. आणि सूरह अनआमची अडतिसावी आयत सांगते की जमिनीवर चालणारे प्राणी आणि पंखांनी उडणारे पक्षी हेही आपल्यासारखेच समुदाय आहेत. ज्याला अल्लाहने ‘उम्मत’ म्हटले, त्याला तुच्छ लेखण्याचा अधिकार आपल्याला नाही.

रहमतीची शिकवण

हजरत अबू हुरैरा (रजि.) यांनी सांगितलेली, बुखारी व मुस्लिम या दोन्ही संग्रहांतील हदीस सर्वश्रुत आहे. वाटेने जाणारा एक तहानलेला माणूस विहिरीत उतरून पाणी प्याला. वर येतो तो एक कुत्रा तहानेने ओली माती चाटताना दिसला. आपल्यावर जी वेळ आली होती तीच यावर आली आहे, असे म्हणत तो पुन्हा विहिरीत उतरला, चामड्याचा मोजा पाण्याने भरून दातांत धरून वर आला आणि कुत्र्याला पाजले. अल्लाहने त्याची कदर केली व त्याला माफ केले. सहाबांनी विचारले, जनावरांच्या सेवेतही आम्हाला पुण्य आहे काय? प्रेषित (स.) यांनी उत्तर दिले त्याचा आशय असा की, प्रत्येक जिवंत काळजाच्या बाबतीत पुण्य आहे. दुसऱ्या एका रिवायतीत बनी इस्राईलमधील एका पतित स्त्रीला याच कृतीमुळे क्षमा मिळाल्याचे आले आहे. काशीहून आणलेले गंगेचे पाणी संत एकनाथांनी तहानेने तडफडणाऱ्या गाढवाला पाजल्याची कथा आपण मराठी शाळांत शिकलो. त्या कथेने ज्याचे मन हलले, त्याला या हदीसचे मर्म वेगळे समजावून सांगावे लागत नाही.

सीरतकार वाकिदी यांनी आणखी एक प्रसंग नोंदविला आहे. तो सनदीच्या दृष्टीने सहीह हदीसच्या दर्जाचा नसला तरी सीरतच्या ग्रंथांत आवर्जून सांगितला जातो. हिजरी सन ८ मध्ये दहा हजारांची सेना मक्केकडे निघाली असता वाटेत एक कुत्री पिलांना पाजत असल्याचे प्रेषितांना (स.) दिसले. सेनेच्या पायांखाली किंवा हातून त्यांना त्रास होऊ नये म्हणून त्यांनी एका सहाबीला तेथे पहाऱ्यावर उभे केले. मक्का जिंकायला निघालेल्या सेनेत एक माणूस कुत्रीच्या रक्षणासाठी ठेवला जातो. मोहल्ल्यातील पिलांच्या शेपटीला डबे बांधणाऱ्या मुलांना हा प्रसंग घराघरांतून सांगितला पाहिजे.

घराच्या आत कुत्रा

आता दुसरी बाजू. सहीह मुस्लिममध्ये हजरत आयशा (रजि.) यांची रिवायत आहे. हजरत जिब्रील (अलै.) यांनी ठरावीक वेळी येण्याचे वचन दिले होते, वेळ उलटली, ते आले नाहीत. प्रेषित (स.) अस्वस्थ झाले. मग त्यांची नजर पलंगाखाली गेली. तेथे कुत्र्याचे एक पिलू होते. हे केव्हा आत आले, असे त्यांनी विचारले, हजरत आयशा (रजि.) यांना त्याचा पत्ताही नव्हता. पिलू बाहेर काढले गेले आणि मग जिब्रील (अलै.) आले. ज्या घरात कुत्रा किंवा चित्रे-मूर्ती आहेत त्या घरात आम्ही प्रवेश करीत नाही, असे त्यांनी सांगितले.

येथे दोन गोष्टी लक्षात घ्याव्यात. पिलू पलंगावर नव्हते, पलंगाखाली होते. कुणी मुद्दाम आणलेलेही नव्हते. तरीही त्याचा परिणाम झाला. मग जाणूनबुजून पलंगावर घेण्याविषयी काय म्हणावे? आणि दुसरी गोष्ट: पिलाला बाहेर काढले गेले, मारले गेले नाही. आत न ठेवणे आणि द्वेष करणे या दोन अगदी भिन्न गोष्टी आहेत.

हे फरिश्ते म्हणजे रहमत घेऊन येणारे फरिश्ते; कर्मांची नोंद करणारे फरिश्ते माणसाला सोडून जात नाहीत, असे इमाम नववी (रह.) यांनी स्पष्ट केले आहे. राखणीसाठी ठेवलेल्या कुत्र्यालाही हे लागू आहे काय, याविषयी मतभेद आहे. इमाम खत्ताबी (रह.) यांच्या मते ज्याला पाळण्याची मुभा आहे तो कुत्रा यात येत नाही, इमाम नववी (रह.) मात्र हदीसचे शब्द व्यापक असल्याने सर्वच कुत्र्यांना ती लागू मानतात. म्हणून राखणीचा कुत्रासुद्धा निजायच्या खोलीबाहेर ठेवणे, हाच सावधपणाचा मार्ग होय.

याखेरीज गुरे, शिकार किंवा शेतीच्या राखणीसाठी नसलेला कुत्रा पाळणाऱ्याच्या सत्कर्मांतून दररोज एक कीरात, काही रिवायतींनुसार दोन कीरात, पुण्य कमी होते, अशी सहीह हदीस आहे. केवळ हौस, मिरवणे किंवा दुसऱ्यांचे पाहून पाळणे यासाठी हा इशारा पुरेसा आहे.

फिकहचा निर्णय

आपल्या कोकणचे वैशिष्ट्य असे की समुद्रमार्गे आलेल्या अरब व्यापाऱ्यांबरोबर येथे शाफिई मसलक रुजला. माहीमचे फकीह मखदूम अली माहिमी (रह.) हे याच परंपरेतील थोर विद्वान. आज रत्नागिरीच्या एकाच सफेत शाफिई आणि हनफी खांद्याला खांदा लावून उभे असतात; म्हणून दोन्ही मते जाणून घेणे इष्ट.

कुत्र्याने भांड्यात तोंड घातले तर ते सात वेळा धुवावे व त्यांतील एकदा मातीने, अशी हदीस सहीह मुस्लिममध्ये आहे. इमाम शाफिई (रह.) यांनी यावरून कुत्र्याची लाळच नव्हे तर संपूर्ण शरीर, केस व घाम नापाक मानले. हंबली मसलकातही धुण्याचा हाच नियम आहे. हनफी मसलकातील ग्राह्य मतानुसार कुत्र्याचे शरीर मुळात नापाक नाही, लाळ मात्र नापाक आहे. वस्तू तीन वेळा धुतल्याने पाक होते, सात वेळा धुणे उत्तम. इमाम मालिक (रह.) यांच्या मते जिवंत कुत्रा पाक आहे आणि सात वेळा धुणे ही अल्लाहच्या आज्ञेची इबादत आहे. प्रेषितांच्या (स.) काळात कुत्री मशिदीत ये-जा करीत व तेथे पाणी शिंपडले जात नसे, ही हजरत इब्ने उमर (रजि.) यांची रिवायत शाफिई विद्वानांसमोरही होती; कोरडे पाय कोरड्या जमिनीवर पडल्याने नापाकी लागत नाही, असा तिचा अर्थ त्यांनी लावला.

यावरून रोजच्या व्यवहाराचे काही मसले निघतात. शाफिई मसलकानुसार कोरड्या कुत्र्याचा कोरड्या कपड्याला स्पर्श झाला तर कपडा नापाक होत नाही. दोहोंपैकी एक जरी ओले असेल तर ती जागा सात वेळा, त्यांतील एकदा मातीमिश्रित पाण्याने धुवावी लागते. ग्राह्य मतानुसार साबण मातीची जागा घेऊ शकत नाही. कुत्र्याच्या स्पर्शाने वुजू तुटतो हा समज चुकीचा आहे. वुजू तुटत नाही, फक्त लागलेली नापाकी धुवायची असते. म्हणून रस्त्यात कुत्रा अंगाला घासून गेला की घाबरून जाण्याचे किंवा त्याला लाथ मारण्याचे काहीच कारण नाही.

आता अंथरुणाकडे या. अंथरुणात कुत्रा कोरडा राहतो काय? तो आपले अंग चाटतो, उशीवर तोंड ठेवतो, त्याची लाळ गळते. माणसाला घाम येतो. त्यात आपली रत्नागिरी: वर्षाला तीन हजार मिलिमीटरहून अधिक पाऊस, आणि आषाढ-श्रावणात दोरीवरचा कपडा चार चार दिवस वाळत नाही. चादर एकवेळ सात वेळा धुता येईल, गादीचे काय? तांबड्या मातीने चादरीवर डाग पडतील अशी तक्रार एका भगिनीने केली. हे रोज करणे शक्य नाही, हेच त्या तक्रारीतून सिद्ध होते. त्याच अंथरुणातून पहाटे उठून त्याच कपड्यांनी फज्र अदा करायची असते. म्हणून शाफिई व हनफी, दोन्ही मसलकांच्या अनुयायांसाठी उत्तर एकच आहे: कुत्र्याला अंथरुणात घेऊ नये.

कुणी विचारील, मग मांजर का चालते? हजरत अबू कतादा (रजि.) यांनी वुजूच्या पाण्याचे भांडे मांजरापुढे कलते केले आणि सांगितले की मांजर नापाक नाही, ती आपल्या अवतीभोवती वावरणाऱ्यांपैकी आहे, असे प्रेषितांनी (स.) फर्मावले आहे. दोन्ही प्राणी अल्लाहचेच. एकाला घरात फिरण्याची मुभा, दुसऱ्याला दारात राखणीचे काम. सेवक आपल्या मालकाला ‘असे का’ म्हणून अडून बसत नाही.

रोगाचा मुद्दा

अनेक वक्ते येथे थेट जंतूंवर येतात. गोचीड, जंत, त्वचेचे विकार, रेबीज हे सारे खरे आहे. आपल्या रत्नागिरी-सिंधुदुर्गाला चांगला परिचित असलेला लेप्टो मुख्यतः उंदरांमुळे पसरत असला तरी कुत्र्याच्या मूत्रातूनही होऊ शकतो. परंतु शरीअतचा आदेश केवळ या कारणावर टांगू नये. उद्या पशुवैद्याने सर्व लशी टोचून कुत्रा निरोगी असल्याचा दाखला दिला, तर आदेश रद्द होणार आहे काय? आदेश अल्लाह आणि त्याच्या प्रेषिताचा आहे म्हणून पाळायचा. त्यात आरोग्याचा लाभ झाला तर ती त्याची कृपा.

मात्र जीव वाचविणे हेही शरीअतच्या मूळ उद्दिष्टांपैकी एक आहे, म्हणून एक गोष्ट निक्षून सांगतो. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानुसार जगातील रेबीजच्या मृत्यूंपैकी सुमारे ३६ टक्के भारतात होतात. कुत्रा चावला किंवा ओरखडला, तर जखम ताबडतोब साबण व वाहत्या पाण्याने पंधरा मिनिटे धुवावी आणि त्याच दिवशी दवाखाना गाठून लस घ्यावी. लशीच्या सर्व मात्रा पूर्ण कराव्यात. जखमेवर मिरची, चुना, हळद लावू नये. दुआ जरूर करावी, पण तावीज किंवा झाडपाल्यासाठी वेळ दवडू नये. रेबीजची लक्षणे एकदा दिसू लागली की माणूस जवळजवळ कधीच वाचत नाही.

राखणीचा कुत्रा आणि आपले कोकण

हदीसमध्ये शेतीच्या कुत्र्याला मुभा आहे. आंबा-काजूच्या बागा, त्यांवर तुटून पडणारी माकडे, रात्री शिरणारी रानडुकरे, गोठ्यातील शेळ्या, हे ज्याच्या वाट्याला आहे त्याने कुत्रा पाळण्यात दोष नाही. घराच्या राखणीसाठी कुत्रा ठेवणेही शाफिई मसलकातील अधिक योग्य मतानुसार जायज आहे. अंधांना वाट दाखविणारे आणि पोलीस दलातील कुत्रेही याच गरजेच्या कक्षेत येतात, असे आजच्या अनेक उलेमांचे मत आहे. कुत्रा ठेवला की त्याचा हक्क ठरला: वेळेवर अन्न, स्वतंत्र वाडगा, पावसात आडोसा, लस, आजारात उपचार. मांजरीला कोंडून उपाशी मारणाऱ्या स्त्रीला त्यापायी शिक्षा झाली, ही हदीस साखळीने बांधून ठेवलेल्या उपाशी कुत्र्याच्या मालकानेही आठवावी.

आणि आपली जुनी घरे पाहा. अंगण, पडवी, ओटी, मग माजघर. पूर्वजांनी कुत्र्याला पडवीची जागा दिली होती. तो घरचाच होता, त्याला नाव होते, भाकरीतला वाटा होता. पण माजघरात त्याचे पाऊल नव्हते. कहफवासीयांचा ‘वसीद’ आपल्या घरांत पडवीच्या रूपाने होता. फ्लॅट आले, पडवी गेली, आणि कुत्रा थेट पलंगावर आला.

रिकामी झालेली जागा

आता त्या दुसऱ्या घराकडे वळू. खाडीकाठच्या एका गावातील सत्तरी ओलांडलेले गृहस्थ हाच मसला घेऊन आले होते. पत्नी अल्लाहला प्यारी झाली, मुले आखातात. कुत्रा त्यांच्या पायथ्याशी अंथरुणावर झोपे. मुलाला हे कळले तेव्हा त्याने फोनवरून फर्मावले, ‘अब्बा, त्याला आजच्या आज हाकलून द्या, तुमच्या नमाजा होत नाहीत.’ ते मला म्हणाले, ‘मौलाना, मसला मला ठाऊक आहे. पण त्याला खाली उतरविले तर रात्री त्या घरात श्वास घेणारे दुसरे कोण?’

या प्रश्नाला फक्त मसल्याने उत्तर देता येत नाही. मसला बदलत नाही. अंथरूण पाक राहिलेच पाहिजे. पण मसला सांगणाऱ्या मुलाला तितकाच मोठा दुसरा मसला सांगणे भाग आहे. सूरह बनी इस्राईलच्या तेविसाव्या आयतीत अल्लाहने आपल्या इबादतीच्या आज्ञेला जोडूनच आई-वडिलांशी सद्वर्तनाची आज्ञा दिली आहे, आणि ते आपल्यापाशी वृद्ध झाले तर त्यांना ‘उफ’ही म्हणू नये असे बजावले आहे. त्या आयतीत वृद्धपण ‘तुझ्यापाशी’ आले तर, असे शब्द आहेत. महिन्याच्या महिन्याला येणारी रक्कम म्हणजे ‘पाशी’ असणे नव्हे. बापाच्या अंथरुणातील कुत्रा मुलाला सहन झाला नाही, हे इमानाचे लक्षण म्हणू या. पण बापाच्या घरातले रिकामेपण त्याला सहन कसे झाले? तो कुत्रा स्वतःहून पलंगावर चढला नव्हता. माणसांनी सोडलेल्या जागेवर तो आला होता.

तेथे जो मार्ग निघाला तो इतरांनाही उपयोगी पडेल. पलंग माजघरातून ओटीवर, खिडकीला लागून आणला. खिडकीबाहेर पडवीत गोणपाटावर कुत्र्याची जागा केली. राखणीसाठी तो जायज, सोबत कायम, एकमेकांची चाहूल दोघांनाही लागते, आणि अंथरूण पाक. नात्यातील दोन मुले आळीपाळीने रात्री निजायला येऊ लागली. मुलगा इशानंतर रोज फोन करतो.

आता काय करावे?

ज्यांच्या घरी कुत्रा अंथरुणात झोपत आहे त्यांनी प्रथम त्याची जागा बदलावी. हळूहळू, न मारता. कुत्रा शिकतो, याची ग्वाही माइदाची आयत देते. अंथरूण आपापल्या मसलकाप्रमाणे पाक करावे आणि नमाजची जागा व कपडे वेगळे ठेवावेत. केवळ हौसेने कुत्रा घेतला असेल तर बागायतदार, शेतकरी अशा खऱ्या गरजूला तो विनामूल्य द्यावा. शाफिई मसलकात कुत्र्याची किंमत घेणे जायज नाही. त्याला गाडीत घालून मिरकरवाडा बंदरावर किंवा भाट्याच्या किनाऱ्यावर सोडून येणे हा तोडगा नव्हे. पाळीव प्राण्याला असे वाऱ्यावर सोडणे १९६० च्या प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायद्याने गुन्हा आहे, आणि अल्लाहच्या दरबारातील जाब त्याहून कठीण आहे. मोहल्ल्यातील भटक्या कुत्र्यांचा उपद्रव असेल तर विष घालू नये. २०२३ च्या नियमांप्रमाणे त्यांचे निर्बीजीकरण व लसीकरण करण्याची जबाबदारी स्थानिक स्वराज्य संस्थेची आहे, तिच्याकडे जमातीने अर्ज करावा.

मुले कुत्र्यासाठी हट्ट धरतात तेव्हा त्यांना ‘शी, नापाक’ एवढेच सांगून गप्प करू नका. कहफवासीयांची कथा सांगा, विहिरीत उतरलेल्या माणसाची कथा सांगा, दारात पाण्याचा वाडगा भरून ठेवायला शिकवा. मुलाच्या मनातली माया जपत मर्यादा शिकविली, तर दोन्ही टिकतात.

अल्लाह तआला आपली घरे रहमतीच्या फरिश्त्यांनी भरोत, आपली अंथरुणे व अंतःकरणे पाक ठेवोत, मुक्या जिवांचे हक्क देण्याची तौफीक देवोत आणि ज्या वृद्ध माता-पित्यांची घरे रात्री सुनी असतात त्यांच्याकडे त्यांच्या लेकरांची पावले वळवोत. आमीन, या रब्बल आलमीन.